परळचे औषध आणि त्याची मात्रा

मुंबईच्या गिरणगावातील स्त्रियांच्या बाळंतपणाची कहाणी एके काळी फार करुण असे. दिवस गेलेली कामकरी स्त्री पाहता पाहता पांढरीफटक पडे, तिला धाप लागे, आणि पुष्कळदा प्रसूतीच्या सुमारास तिचा अंत होई. रक्तातील तांबड्या पेशी घटत. ज्या उरत त्या अवाजवी मोठ्या असत. या व्याधीचे मूळ शोधण्यासाठी १९२८ साली डॉक्टर ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी, काम करू लागल्या.

प्रथम संशय जंतूंवर होता. पण जंतू सापडेना. मग विल्सबाईंनी रुग्ण स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. त्यात ताज्या भाज्या, फळे व प्रथिने यांचा तुटवडा होता. तसलाच निकृष्ट आहार माकडांना देताच त्यांचेही रक्त आटले, आणि मार्माइट देताच ते पुन्हा भरून आले. मार्माइट हे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचे सत्त्व. गरोदर स्त्रियांनाही त्याने गुण आला. मद्याच्या भट्टीतील गाळाने माउलींचे प्राण वाचावेत, हा योग मोठा विलक्षण खरा! हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले.

त्या सत्त्वातील गुणकारी द्रव्य कोणते, हे कळण्यास आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून ते अल्प प्रमाणात वेगळे करण्यात आले, आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीत्या सिद्ध झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पालेभाजीतून कणाकणाने मिळणारे द्रव्य आता हवे तेवढे मिळू लागले, आणि येथूनच अडचणीस प्रारंभ झाला.

रक्तक्षयाचा आणखी एक प्रकार आहे. तो ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंचे रक्त सारखेच दिसते. अशा रुग्णांना फोलिक आम्ल भरपूर दिले की रक्त सुधारे, गालांवर लाली येई, वैद्य निश्चिंत होत. परंतु मज्जातंतूंच्या आवरणाला ब-१२ वाचून गत्यंतर नाही. त्यामुळे रुग्णाच्या पायांना मुंग्या येत, तोल जाई, आणि काहींना कायमचे पंगुत्व येई. रक्त सुधारल्याने मूळ उणीव झाकली जाई. १९४७ च्या सुमारास ही गोष्ट ध्यानात आली. ब-१२ हाती आले ते त्यानंतर, १९४८ साली. प्रौढांनी कृत्रिम फोलिक आम्ल दिवसाला एक मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये, ही मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९८ साली घातली, ती मुख्यत्वे याच कारणास्तव. भाजी-डाळीतून नैसर्गिकपणे मिळणाऱ्या अंशाला ती लागू नाही.

याहून भयंकर अनुभव बॉस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांना आला. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्यांनी मोठ्या आशेने या वर्गातील द्रव्ये दिली, तो रोग अधिकच वेगाने बळावल्याचे त्यांना दिसले. वाढत्या पेशींना जे पोषक, ते रोगट पेशींनाही पोषक! फार्बर यांनी मग नेमके विरोधी द्रव्य मागवले. सुब्बाराव यांच्याच प्रयोगशाळेतून ॲमिनोप्टेरिन आले, आणि १९४८ साली काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना, पण हटल्याचे जाहीर झाले.

गर्भाच्या पाठीच्या कण्याचे व्यंग टाळण्यास योग्य मात्रेतील फोलिक आम्ल अत्यंत उपयुक्त आहे, हे १९९१ साली निर्विवाद सिद्ध झाले. तरीही मात्रेचा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा उभा राहिलाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. फोलेटची उणीव मात्र केवळ एकीत आढळली. ज्यांचे फोलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण वनस्पतिज आहारात ब-१२ जवळजवळ नसतेच, आणि सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते.