उशिरा आलेली भाकरी

मुदखेड परिसरात मयताच्या घरी सांत्वनासाठी गेले की एक वाक्य हटकून कानी पडते : 'देव पाहून घेईल.' आम्ही स्वतःही ते किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. परंतु ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर लेकरे जगवली, अशा वृद्धांसमोर ते बोलताना जीभ अडखळते. देव पाहून घेतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न ते मोठ्याने विचारत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मात्र तो असतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस वारंवार पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाई आपल्या कॅथोलिक मंडळीतल्या नव्हेत. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन ख्रिस्तसभेत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत पुरत्या मावल्या नाहीत. म्हणून त्यांना परके मानले तर तोटा आपलाच आहे. शिवाय १९१२ च्या सुमारास त्यांनी शाळा काढली ती गुलबर्ग्यास, म्हणजे नांदेड-लातूर ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यात. आपल्या मुलखाशी त्यांचे एवढे नाते आहेच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचा 'अपराध' त्यांनी आनंदाने केला होता. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. १८७० नंतरच्या दुष्काळात गाठीचे सारे सरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. प्रथम वडील गेले. मग आईने अंथरूण धरले. आईला अन्न हवे होते. तरुण रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली, पण भिक्षेची सवय नसलेल्या त्या विद्वान कन्येच्या तोंडून शब्द फुटेना. अखेर त्या घरच्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा हाती ठेवला. तो घेऊन ती परतली, तेव्हा आईच्या अंगी घास गिळण्याचेही बळ उरले नव्हते.

आई गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. उंची कमी असल्याने तिला तिरडी खांद्यावर घेता येईना, ती तिने डोक्यावर घेतली. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. पुढे बहीणही गेली.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. सारफथच्या विधवेचे पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही, हे आपण मिस्साबलिदानात श्रद्धेने ऐकतो. रमाबाईंच्या घरी मात्र पीठ सरले आणि भाकरी उशिरा आली. प्रवचनकार पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी टाळतात. आम्हीही टाळत आलो, हे कबूल केले पाहिजे.

१८८० मध्ये श्रीनिवास मरणशय्येवर असताना, आपल्यामागे बहिणीचे कसे होईल या काळजीने तळमळत होता. आपल्या दोघांची काळजी वाहणारा देवावाचून कोणी नाही, असे तिने सांगितले. तसे असेल तर मला कशाचेच भय नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. तोही गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांना पटकीने नेले. तान्ही मनोरमा तेवढी उरली.

१८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. त्याला अमेरिकेतील हितचिंतकांच्या दहा वर्षांच्या मदतीचा आधार होता. ती मुदत संपल्यावर काय, या विचाराने बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली होती. विश्वास आणि आगाऊ विचार यांत त्यांना विरोध दिसला नाही. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. सदनाचा खर्च भागवण्याची भ्रांत, पुण्यात प्लेग, आणि त्यात ही तीनशे तोंडे! व्यवहारी माणसाने याला वेडच म्हटले असते. पण एकेकाळी भाकरी मागताना जिची जीभ लुळी पडली होती, तिला या मुलींची भूक कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९०० पर्यंत 'मुक्ती'त सुमारे दीड हजार माणसे झाली. पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या. टंचाईच्या दिवसांत सायंकाळी विहिरी रित्या होत आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी साठलेले असे. दुसऱ्या दिवसाचे पाणी पहिल्या दिवशी कधी दिसले नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजचीच भाकर मागतो, याची आठवण आम्हांस येथे होते. मात्र त्या विहिरी खणलेल्या होत्या, हेही विसरता कामा नये.

आणलेल्या सर्वच मुली जगल्या नाहीत. काही इतक्या क्षीण होऊन आल्या होत्या की अन्न समोर असूनही उपयोग झाला नाही. आपल्या आईचा मृत्यू बाईंना अशा रीतीने पुन्हा पुन्हा पाहावा लागला. जगल्या त्या शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच मुलींच्या हातांनी जुळले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. संस्थेची सूत्रे जिच्या हाती द्यायची, ती एकुलती लेक. बाई भाषांतराच्या कामावर परतल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नांदेडहून लातूर, कुर्डुवाडी, दौंड या मार्गाने पुण्यास जाणारी गाडी केडगाववरून जाते. 'मुक्ती'त आजही निराधार मुली-बायकांसाठी रोज चूल पेटते.