तैलचित्रातील कुत्रा

कुत्र्याचे तैलचित्र म्हटले की तो श्रीमंतांचा चोचला, अशी आपली समजूत असते. परंतु या चित्रप्रकाराच्या इतिहासात एक खरा प्रश्न दडलेला आहे. चित्रकाराने कुत्रा रंगवावयाचा, की कुत्र्याविषयीची आपली भावना?

पूर्वी युरोपीय चित्रांत कुत्रा येई तो बहुधा धन्याच्या पायाशी. १५४८ साली व्हेनिसच्या आंतोनिओ झेंतानीने याकोपो बास्सानोकडून केवळ दोन शिकारी कुत्र्यांचे चित्र करवून घेतले. बुंध्याला बांधलेली ती जोडी आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. शेजारी धनी नाही, शिकार नाही. तैलरंग या कामास सोयीचा. तो सावकाश वाळतो, त्यामुळे केसांच्या छटा एकमेकींत मिसळता येतात आणि ओल्या नाकावरची चमकही साधते.

पुढे इंग्लंडात एडविन लँडसीअरने (१८०२–१८७३) हे कौशल्य पराकोटीस नेले. त्याच्या १८३७ च्या चित्रात वृद्ध मेंढपाळाच्या शवपेटीवर कुत्र्याने हनुवटी टेकली आहे. रस्किनसारख्या टीकाकाराने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. कुत्र्याचे अंग हुबेहूब आहे. शोक मात्र कुत्र्याचा किती आणि आपला किती, हे सांगणे कठीण.

याच प्रश्नाचे उत्तर आपल्या परिचयाच्या एका चित्रात मिळते. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आपण पाहिला आहे. तो निपर. त्याचा पहिला धनी १८८७ साली वारला, आणि धन्याचा भाऊ फ्रान्सिस बॅरॉड याने त्याला सांभाळले. निपर १८९५ साली मेला. बॅरॉडने चित्र काढले ते त्यानंतर, १८९८ साली. त्यात प्रथम नळीचा फोनोग्राफ होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतले, ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. म्हणून बॅरॉडने जुन्या यंत्रावर रंग चढवून तबकडीचे यंत्र रंगविले.

लोकांनी मात्र कथा रचली, की कुत्रा मृत धन्याचा आवाज ऐकत आहे. बॅरॉडने पाहिले होते ते एवढेच, की आवाज कोठून येतो हे न कळून कुत्रा मान तिरकी करतो. ती मान खरी आहे, म्हणूनच कथाही खरी वाटली. आमच्या मते या कलेचे मोल त्या तिरक्या मानेत आहे; शोक आपण आपल्या पदरचा घालतो.