चाक, कारागीर आणि जबाबदारी

मनुष्यानें घडविलेल्या ज्या वस्तूंवर तो आपला जीव निर्धास्तपणें सोपवितो, त्यांत चाकाची गणना प्रथम करावी लागेल. होडींत पाय ठेवतांना मनुष्य देवाचें नांव घेतो. गाडींत बसतांना मात्र चाकाकडे वळूनही पाहत नाहीं. चाकाच्या शोधाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु चाक निखळलें, टायर फाटला आणि कोणी जायबंदी झालें, तर त्याची भरपाई कोणीं करावी, या प्रश्नालाही एक इतिहास आहे व तो आमच्या मतें कमी महत्त्वाचा नाहीं. सदोष चाक करणारा, चांगलें चाक बिघडविणारा दुरुस्तीवाला आणि त्यामुळें इजा पावणारा मनुष्य या तिघांमधील नातें कायद्यानें हळूहळू कसें ओळखलें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

दोडामार्ग तालुका डोळ्यांपुढें ठेवल्यास हा विषय अधिक स्पष्ट होईल असें आम्हांस वाटतें. पूर्वीं सावंतवाडी संस्थानांत, १९४८ च्या विलीनीकरणानंतर सावंतवाडी तालुक्यांत आणि आतां स्वतंत्र तालुका म्हणून नांदणारा हा मुलूख सह्याद्री व गोवा यांच्यामध्यें वसला आहे. एके काळीं वरच्या मुलखांतील माल बैलांच्या पाठीवरून रामघाटानें खालीं उतरे. आतां तिलारीच्या घाटानें मोटारी उतरतात. येथील कितीतरी तरुण सकाळीं दुचाकीवरून गोव्यांत कामाला जातात व रात्रीं परततात. गंभीर दुखण्याचा रोगी बांबोळीच्या इस्पितळांत न्यावयाचा तोही गोव्याच्याच रस्त्यानें. केरळांतून आलेल्या शेतकऱ्यांनीं येथील डोंगरउतारांवर रबराच्या बागा लावल्यापासून तर टायरचा कच्चा मालही याच मातींत पिकूं लागला आहे. अशा ठिकाणीं वाईट चाक ही केवळ खर्चाची बाब राहत नाहीं. उतारावरच्या वळणावर तें दगा देतें तेव्हां घरांतील मिळवता माणूसच हातचा जाण्याची भीति असते.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न सोपा होता. सुतार तुंबा, आरे आणि घेर तयार करी. लोहार त्यावर लोखंडी धांव चढवी. धांव घेराहून किंचित् लहान करावयाची, विस्तवांत लाल तापवून ती फुगली कीं चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. निवतांना ती आकसून सारे सांधे आवळून धरते. माप फार लहान झालें तर आरे पिळवटतात. मोठें झालें तर उन्हाळ्यांत लांकूड आटतांच धांव निसटते. दोष कोणाचा हें ठरविण्यास तज्ज्ञ बोलवावा लागत नसे. ज्यानें चाक केलें तो शेजारच्याच वाडींत राहत असे आणि सुगीच्या वेळीं बलुतें मागण्यास त्याला त्याच खळ्यावर यावें लागे. अर्थात् ही व्यवस्था निर्दोष नव्हती. कारागिराचा धंदा जातीनें आणि त्याचें बलुतें गांवानें ठरविलेलें असे. त्याच्या स्वतःच्या तक्रारीस वाली क्वचितच मिळे. तरी करणारा व वापरणारा यांची ओळख ही त्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू होती.

जेथें अशी ओळख पुरेशी नसे, तेथें राजसत्तेला नियम करावे लागत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील चौथ्या अधिकरणाच्या आरंभींच कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें हें सांगितलें आहे. ठरल्याहून निराळें काम करणाऱ्याची मजुरी बुडावी आणि शिवाय त्याच्या दुप्पट दंड व्हावा, असा तेथें दंडक आहे. धोब्यानें वस्त्रें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर धुवावीं. अन्यत्र धुतल्यास वस्त्राचें नुकसान भरून द्यावें व वर सहा पण दंडही द्यावा, असेंही त्यांत आहे. धोब्याच्या ठिकाणीं टायरवाला व वस्त्राच्या ठिकाणीं रिम कल्पिली, तर हा नियम आजही तंतोतंत लागू पडेल. परक्याची वस्तु हातीं घेणाऱ्यानें योग्य साधन वापरलेंच पाहिजे, हें त्यामागील तत्त्व आहे.

अर्वाचीन काळीं मात्र या तत्त्वाला विलक्षण अडथळा आला. इंग्लंडांत टपालाच्या घोडागाड्या दुरुस्त ठेवण्याचा करार राइट नांवाच्या एका गृहस्थानें टपालखात्याशीं केला होता. अशी एक गाडी मोडून विंटरबॉटम हा गाडीवान कायमचा लंगडा झाला. त्यानें राइटवर फिर्याद केली. १८४२ सालीं न्यायालयानें ती फेटाळली. करार टपालखात्याशीं झालेला, गाडीवानाशीं नव्हे. तेव्हां गाडीवानाला दाद मागण्याचा अधिकार नाहीं, असें ठरलें. एकदां हें दार उघडलें तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक इसम दावे घेऊन येईल, अशी न्यायाधीशांस धास्ती वाटत होती. पैसे देणारा एक आणि पाय गमावणारा दुसरा असला, कीं पाय गमावणाऱ्याच्या पदरीं कांहींच पडूं नये, असा याचा अर्थ झाला.

याच सुमारास चाकाचें रूपही पालटूं लागलें. १८३९ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयरला रबरांत गंधक मिसळून तें तापविल्यास टिकाऊ होतें असें आढळलें. १८४५ मध्यें रॉबर्ट थॉमसन यानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्यानें तीच कल्पना स्वतंत्रपणें पुन्हां अमलांत आणली. यानंतर चाक एका गांवचें राहिलें नाहीं. त्याचें रबर एका देशाचें, पोलाद दुसऱ्या देशाचें, कारखाना तिसरीकडे आणि विक्रेता चौथीकडे! लोहाराशीं भांडतां येत असे. ज्याचें तोंडही पाहिलें नाहीं त्या कारखानदाराशीं कसें भांडावें?

या प्रश्नाचें उत्तर एका मोडक्या चाकानेंच मिळवून दिलें. न्यूयॉर्क राज्यांतील मॅकफर्सन यानें विक्रेत्याकडून एक ब्यूइक मोटार घेतली. तिच्या एका चाकाचे लांकडी आरे निकृष्ट होते. ते चालत्या गाडींत चुरा होऊन गाडी कोसळली व मॅकफर्सन जखमी झाला. मोटार करणारी कंपनी म्हणाली, चाक आम्हीं केलेलें नाहीं, दुसऱ्या कारखान्याकडून घेतलें. आणि मॅकफर्सनशीं आमचा करारही नाहीं. १९१६ सालीं न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं हे दोन्ही बचाव अमान्य केले. निष्काळजीपणानें केल्यास जी वस्तु निश्चित धोकादायक ठरेल आणि जी विकत घेणाऱ्याखेरीज इतरही वापरतील हें ठाऊक आहे, ती करणाऱ्यावर करार असो वा नसो, काळजी घेण्याचें बंधन आहे. शिवाय वाजवी तपासणी केली असती तर चाकाचा दोष उघडकीस आला असता, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. १९३२ मध्यें डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यांत इंग्लंडच्या उमरावसभेनेंही हाच मार्ग धरला.

उत्पादकाची जबाबदारी अशी ठरली, दुरुस्तीवाल्याचें काय? त्याचा निर्णय १९३९ मधील स्टेनेट विरुद्ध हँकॉक या खटल्यांत झाला. एका मालमोटारीचें चाक दुरुस्तीवाल्यानें नीट बसविलें नाहीं. तिच्या चाकाचें लोखंडी कडें सुटून पदपथावरील एका स्त्रीच्या पायावर आदळलें. त्या स्त्रीचा ना मोटारीशीं संबंध होता, ना दुकानाशीं. तरी न्यायालयानें दुरुस्तीवाल्यास जबाबदार धरलें आणि जाणत्या कारागिरावर विसंबणाऱ्या मालकास मोकळें केलें. विंटरबॉटमच्या वेळीं ज्या दावेदारांची न्यायाधीशांस धास्ती वाटली होती, तोच रस्त्यावरचा इसम सुमारें शंभर वर्षांनीं न्यायालयांतून भरपाई घेऊन बाहेर पडला.

आपल्याकडे दुरुस्तीला टाकलेल्या वस्तूचा कायदा १८७२ च्या करार अधिनियमांत आहे. आपली गाडी दुकानांत सोडणें म्हणजे कायद्याच्या भाषेंत निक्षेप होय. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुकानदारानें घेतलीच पाहिजे, असें कलम १५१ सांगतें. मजुरी मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवण्याचा त्याचा हक्क कलम १७० नें मान्य केला आहे. पण काम ठरल्याप्रमाणें पार पाडलें असेल तरच. उलट, वस्तूंतील माहीत असलेला दोष मालकानेंही सांगितला पाहिजे, असें कलम १५० चें म्हणणें. रिमला आधींच तडा आहे हें लपवून ती दुकानांत देणाऱ्यानें मागाहून ओरड करणें न्याय्य होणार नाहीं.

तथापि दिवाणी दाव्याचा खर्च चार टायरांच्या किंमतीहून अधिक होई. ही अडचण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें पुष्कळ दूर केली. पैसे देणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीनें वस्तु वा सेवा वापरणाराही ग्राहक मानला गेला. पण दोडामार्गच्या रहिवाशास एक अडचण उरलीच. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत येथील सीमा दोन राज्यसत्तांची होती. नंतर ती दोन राज्यांची झाली, तरी तक्रार सामान्यतः दुकान जेथें असेल किंवा कारण जेथें घडलें असेल तेथेंच करावी लागे. टायर म्हापशास घेतला कीं दादही गोव्यांतच मागावयाची! रोजंदारीवर जाणाऱ्यास हें परवडणें कठीण. जुलै २०२० मध्यें अमलांत आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानें तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यांतही तक्रार देण्याची मुभा दिली. मुदत दोन वर्षांची आहे. बिघडविलेल्या रिमची भरपाई सेवेंतील त्रुटि म्हणून मागतां येते. आणि सदोष वस्तूनें मनुष्यास इजा झाल्यास उत्पादक, विक्रेता व दुरुस्ती करणारा या तिघांची जबाबदारी याच कायद्यांत निरनिराळी सांगितली आहे.

एवढें झालें तरी तंटा सुटतोच असें नाहीं, कारण प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ऑगस्ट २००० मध्यें अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीला सुमारें पासष्ट लाख टायर परत घ्यावे लागले. धांवतांना त्यांचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. तेव्हां फोर्ड कंपनी टायरला दोष देई आणि टायरकंपनी फोर्डच्या गाडीला; जवळजवळ शतकभराचा त्यांचा व्यवहार २००१ मध्यें या वादांतच तुटला. आपल्या चौकांतील तंटा आकारानें लहान, पण स्वरूपानें तोच. विक्रेता म्हणतो, बसविणाऱ्यानें पहार लावून कड फाडली. बसविणारा म्हणतो, माल मुळांतच खोटा होता. आणि दोघे मिळून म्हणतात, तुमचे रस्तेच वाईट.

दोघांचें म्हणणें तपासण्यास पुरावा लागतो. टायरच्या कडेंत पोलादी तारांचें कडें असतें. चढवितांना तें दुखावलें तर बाहेरून दिसत नाहीं. नट एकाच बाजूनें क्रमानें आवळले तर रिम तिरपी बसते, म्हणून ते समोरासमोरचे आवळावयाचे असतात; अति आवळले तर खिळा ताणला जातो, सैल राहिले तर रिमचीं भोकें झिजून मोठीं होतात. टायरच्या अंगावरील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. नवा म्हणून विकलेला टायर किती वर्षें पडून होता हें त्यावरून कळतें. हे आंकडे पैसे देण्यापूर्वींच वाचावे, पावतीवर लिहून घ्यावे आणि फाटलेला टायर दुकानांत टाकून न येतां घरीं आणावा. तोच टाकला तर न्यायाधीशापुढें ठेवण्यास शब्दांखेरीज कांहीं उरत नाहीं.

पावती मागणें हा अविश्वास आहे, अशी समजूत आपल्या समाजांत अद्याप आढळते. ओळखीच्या दुकानदाराकडे तर ती मागण्याचा संकोचच वाटतो. हा संकोच आमच्या मतें अस्थानीं आहे. लोहाराच्या काळीं ओळख हीच पावती होती, कारण बलुत्यासाठीं त्याला पुन्हां त्याच खळ्यावर यावयाचें असे. आज टायर कोठल्या कारखान्यांतून आला हें दुकानदारही पाहत नाहीं, आणि सकाळीं घाट उतरून गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या घरानें तर दुकानही पाहिलेलें नसतें. त्या घराचा हक्क कायद्यानें अनेक अपघातांनंतर मान्य केला आहे; तो बजावतां यावा म्हणून चाक विकणाऱ्यानें व बसविणाऱ्यानें आपलें नांव त्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावें, एवढीच अपेक्षा. चांगल्या कारागिराला तसें करण्यांत कमीपणा वाटण्याचें कांहींच कारण नाहीं.