'आधी वाचा' म्हणण्याचा हक्क

संगणकाच्या जगात नवख्याने काही विचारले की 'आधी मॅन्युअल वाच' असे सुनावण्याची रीत जुनी आहे. हा जाणकारांचा निव्वळ तोरा, असे अनेकांना वाटते. रीत सुरू कुठे झाली हे पाहिले, तर ती मुळात दुहेरी जबाबदारीची होती असे दिसते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याचे प्रत्येक पान एकाच साच्याचे: आज्ञेचे नाव, ती कशी लिहायची, ती काय करते, कोणत्या फाइली वापरते. पण माझ्या मते खरे मोल आहे ते आणखी दोन नोंदींना. एकीत त्या प्रोग्रॅमचे माहीत असलेले दोष खुद्द करणाऱ्यांनीच मांडलेले असत. दुसरीत 'मालका'चे नाव, म्हणजे अडले तर कोणाला गाठायचे ते. तिथे 'केन' किंवा रिचींची आद्याक्षरे, बस्स. मालक ठरवण्याचा नियमही मॅन्युअलच्या प्रस्तावनेतच दिला होता: प्रोग्रॅमला ज्याने शेवटचा हात लावला, तो मालक. वाचणाऱ्याकडून अपेक्षा करण्याआधी लिहिणाऱ्यांनी आपली बाजू अशी पुरी केली होती.

पुढे युनिक्स विद्यापीठांत पोचले तेव्हा या मॅन्युअलवरचा भार वाढला. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेल लॅब्जच्या मातृकंपनीला, एटी अँड टीला, संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, त्यामुळे युनिक्स दिले जाई ते कसलीही मदत वा दुरुस्ती न पत्करता. विचारायला कंपनी नाही, मग उरले मॅन्युअल आणि एकमेकांची सोबत. युजनेट हे संगणकांवरचे चर्चाजाळे आल्यावर ही सोबत शेकडो संस्थांत पसरली आणि दर सप्टेंबरला विद्यापीठांत दाखल होणारे नवे विद्यार्थी तेच ते प्रश्न घेऊन येऊ लागले. त्यावर जुन्या मंडळींनी काढलेला उपाय कष्टाचा होता. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्यांनी लिहून काढली, आणि नव्यांच्या नजरेस पडावीत म्हणून ठरावीक काळाने पुन्हापुन्हा प्रसिद्ध केली. 'आधी वाचा' म्हणण्याचा हक्क त्यांनी या श्रमातून कमावला होता. १९९३ नंतर व्यावसायिक इंटरनेट सेवांचे नवखे ग्राहक वर्षभर लोटू लागले, सप्टेंबर संपेचना, आणि श्रमापेक्षा खेकसणे सोपे झाले.

यावर कोणी म्हणेल की उत्तर देणारे फुकट राबतात, त्यांचा वेळ वाचवणे हा साधा शिष्टाचार आहे. हे खरेच आहे, आणि न वाचता विचारणाऱ्याची बाजू मी घेत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्वतः धुंडाळल्याशिवाय विद्या अंगी लागत नाही. पण युनिक्सच्या मॅन्युअलचे पान जाणत्याला आठवण करून देण्यासाठी लिहिलेले होते, अजाणत्याला शिकवण्यासाठी नव्हे. हे त्याच्या कर्त्यांनीही ओळखले होते. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात ब्रायन कर्निगन यांचा खास नवशिक्यांसाठीचा लेख आहे, तो त्यामुळेच. ज्याला आज्ञेचे नावच माहीत नाही, त्याने कोणते पान उघडायचे? त्याला मॅन्युअलकडे बोट दाखवणे ही शिकवण नव्हे, टाळाटाळ आहे.

या शिष्टाचाराचा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा २००१चा निबंध. शहाणपणाने प्रश्न कसे विचारावेत, हा त्याचा विषय. नवख्यांच्या तोंडावर तो आजवर असंख्य वेळा फेकला गेला आहे. फेकणाऱ्यांनी त्यातला एक भाग मात्र सहसा वाचलेला नसतो. तो उत्तर देणाऱ्यांसाठी आहे. नवख्याशी सौम्यपणे वागा, असे तिथे सांगितले आहे. आणि याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा कोणाला द्यावे लागू नये म्हणून मॅन्युअलमध्ये काय बदलायला हवे याचा विचार करा, आणि तो बदल लिहून पाठवा, असेही.