पेन्सिलीनं हाय का शाईनं?

साल विचारलंत तर इथे कुणी 1946 म्हणणार नाही. कागदावर फसली 1356 लिहिलेलं आहे. तुम्ही साखऱ्यात आहात, निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा व्हायला अजून 53 वर्षं जायची आहेत. पायातलं काढून पटवाऱ्याच्या ओसरीवर टेका.

लाल फडक्यातलं दप्तर सोडून तो बोरू तासायला बसलाय. टोक तिरकं छाटतो, मधोमध चीर देतो, नखावर टेकवून बघतो. दौतीत दिव्याच्या काजळीची शाई आहे. डिंकाच्या पाण्यात काजळी दिवसचे दिवस घोटली की ती अशी दाट होते. कागदावर तो आधी एक लांबच लांब आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली मोडी अक्षरं लोंबवत जातो. ओळ संपली की वर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरतो, शाई टिपून झाली की तीच वाळू झटकून परत डबीत भरतो. तहसिलीचा कारभार उर्दूत, गावचं लिहिणं मोडीत. तुमच्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला दोन्ही वाचता येत नाहीत. तो नुसता हाताकडे बघतोय. काळं उमटलं म्हणजे झालं, एवढं त्याला पक्कं कळतं.

लाल रंग त्याने पाहिलाय तो पोथीत. हिंगूळ घोटून केलेल्या शाईने आकडे आणि दंड रंगवलेले असतात, म्हणजे वाचणाऱ्याला ओवी कुठे संपली ते दिसतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यात समर्थांनी बोरू, शाई, हिंगूळ या सगळ्याची तजवीज सांगितली आहे. शाईची इतकी काळजी घेणारी ही माणसं कागदाला किती मानत असतील!

आता दहा वर्षं पुढे या. 1956चा जून. निजामाची राजवट गेली, पण राज्याचं नाव अजून हैदराबादच आहे. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात जाईल तो नोव्हेंबरात. शाळेच्या दारात एक माय पोराला हाताला धरून उभी आहे.

"जन्म कधीचा?" गुरुजी विचारतात.

"रझाकार गेले, त्याच्या दुसऱ्या पोळ्याला झाला जी."

गुरुजी क्षणभर बोटांवर मोजतात आणि टाक दौतीत बुडवतात. दाखल-खारिजच्या रजिस्टरात निळ्या-काळ्या शाईने 1 जून 1950 उमटतं. पोळ्याला जन्मलेला पोरगा जूनच्या पहिल्या तारखेला जन्माला येतो. त्याच्या वर आणि खाली तीच तारीख आहे. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं या तारखेवरून चालेल, आणि खेड्यापाड्यांतल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येईल. गुरुजींना दोष देऊ नका. वय भरल्याशिवाय पोराला पहिलीत घेता येत नाही, आणि त्यांना पोराला शाळेत घ्यायचं आहे.

घाईत बापाचं नाव चुकतं. गुरुजी ते खरवडत नाहीत. चुकलेल्या नावावर एक सरळ आडवी रेघ, वर लाल शाईने बरोबर नाव, बाजूला समासात बारीक सही आणि तारीख. लाल दौत ते फक्त यासाठी आणि वह्या तपासायला ठेवतात. हे नीट बघून घ्या.

वर्गात तिसरी-चौथीची पोरं शाई वापरतात, खालची पाटीवर. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवायच्या. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी 1931 साली हॉर्स ब्रँडच्या अशा वड्या आणि पुड्या काढल्या, आणि पुढे त्याच धंद्याची कॅमलिन झाली. दौत कलंडली की पोरं धावत खडूचा तुकडा आणतात. खडू शाई पितो, निळा होतो, आणि मग त्या निळ्या खडूसाठी भांडणं लागतात.

1962च्या फेब्रुवारीत थोडंच थांबा. मतदानाची रांग आहे. यंदा डाव्या हाताच्या तर्जनीला काडीने एक नवी शाई लावतायत. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली, चांदीच्या क्षाराची. उन्हात ती काळी पडते आणि धुऊन जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकते. बाया घरी जाऊन राखेने बोट घासून बघतात.

आणि आता जिथे थांबायलाच हवं तिथे थांबा. 1972 सालचा दुष्काळ, खडी फोडायचं काम, पगाराचा दिवस. मुकादमाच्या मांडीवर मस्टर आहे आणि हातात कॉपिंग पेन्सिल. तिच्यात ग्रॅफाइटबरोबर रंग मिसळलेला असतो. कोरडी लिहिली तर करडी उमटते, टोक जिभेला लावून लिहिलं की जांभळी होते आणि मग खोडरबराने हलत नाही. हजेरी भरून भरून त्याचे ओठ जांभळे झालेत. रांगेतल्या बायका अंगठा पुढे करतात, मुकादमाचा माणूस तो पॅडवर दाबतो, मग कागदावर. तुमच्या पुढच्या बाईचा अंगठा उमटतो तेव्हा खाली वाका आणि बघा. त्यात रेषाच नाहीत. हातोड्याने आणि दगडाने त्या झिजून गेल्यात. नुसता जांभळा गोल उमटलाय, मधे भेगांच्या दोन पांढऱ्या चिरा. मुकादम म्हणतो, "पुन्हा दाब." ती पुन्हा दाबते. पुन्हा तसाच. शेवटी तो शेजारी कॉपिंग पेन्सिलीने तिचं नाव लिहून देतो. घरी जाताना ती अंगठा लुगड्याला पुसत नाही, डाग पडेल म्हणून. धुळीत घासते.

मस्टरचा हा जांभळा रंग उन्हात विटतो. पटवाऱ्याची काजळी विटत नाही. सगळ्यात जास्त कष्टांची नोंद सगळ्यात कच्च्या रंगात झाली, हे मला फार लागतं.

ऐंशीच्या दशकात शाळेत रंगपेटी आलीय. बारा पेन्सिलींची, वर्गात एकच, तीही दुकानदाराच्या पोरीची. भूगोलाच्या तासाला नकाशे भरायचे असतात. समुद्र निळा, सखल भाग हिरवा, डोंगर तपकिरी. समुद्र कुणीच पाहिलेला नाही, तरी निळी पेन्सिल सगळ्यांत आधी संपते. पांढरी तशीच लांबलचक राहते. गुरुजींकडे एका टोकाला लाल, एका टोकाला निळी अशी पेन्सिल आहे, आणि पोरांची नजर ती कोणत्या टोकाने धरली इकडे. शाळा तपासायला डिपोटी साहेब आले की शेरेबुकात लाल शेरा मारून जातात. त्या दिवशी पोरांना कळतं की गुरुजींनाही कुणीतरी तपासतं.

त्याच सुमारास तलाठ्याकडे चला. एका घरातला कर्ता माणूस गेलाय, वारसाचा फेर घ्यायचाय. तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद लिहितो आणि सातबाऱ्यावर तिचा नंबर पेन्सिलीने टाकतो. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की मगच पेन्सिलीवर शाई चढते. तोवर जमीन तुमची आहेही आणि नाहीही. शाळेत न गेलेली विधवा चार वेळा येऊन एकच विचारते, "सायेब, पेन्सिलीनं हाय का शाईनं?" अक्षरओळख नसलेल्या बाईने कायद्याची सगळी मख्खी या एका प्रश्नात पकडलीय.

आता 2023. ऑगस्ट 2021पासून पिकाची नोंद शेतकरी मोबाइलवर करतात. सातबारा छापून येतो, सगळा एकाच काळ्या रंगात. या सप्टेंबरात मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकाळातली मोडी, उर्दू कागदपत्रं कपाटांतून बाहेर निघाली. काजळीची अक्षरं कालची वाटावीत अशी ठळक आहेत. जुनं रजिस्टर बघायला प्रत्येक घरातून कुणीतरी निघालंय. त्यात 1 जून 1950ला जन्मलेले आजोबा नातवाबरोबर आलेत.

नातवाच्या हातात शाळेच्या जुन्या रजिस्टराची झेरॉक्स. टेबलामागचा कारकून बघतो आणि मान हलवतो. "बापाच्या नावावर खाडाखोड हाय. चालत नाही." झेरॉक्समधे रेघ काळी, वरचं नाव काळं, समासातली सही म्हणजे एक ठिपका.

तुम्ही तेव्हा तिथे होतात. सांगा त्याला.

"साहेब, मूळ रजिस्टर मागवा. ती खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. लाल शाईत आहे, बाजूला गुरुजींची सही आहे."

शाळा जवळच आहे. मुख्याध्यापक स्वतः रजिस्टर काखोटीला मारून आणतात, पान उघडतात. लाल थोडं गुलाबी पडलंय, पण लालच आहे. कारकून भिंग काढतो, सहीखालची तारीख मोठ्याने वाचतो आणि नातवाला म्हणतो, "पोरा, याची रंगीत प्रत काढून आण. हेडमास्तरांचा सही-शिक्का घे. मग जोडतो."