पीक विमा

अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, पूर इ. कारणांनी होणाऱ्या पिकाच्या नुकसानीची हप्त्याच्या मोबदल्यात भरपाई देणारी व्यवस्था म्हणजे पीक विमा. आगीच्या विम्यात एका वेळी थोड्याच विमेदारांचे नुकसान होते व ते इतरांच्या हप्त्यांतून भरून निघते. अवर्षण मात्र एकाच हंगामात हजारो गावांना ग्रासते. त्यामुळे ही जोखीम सहजासहजी विभागली जात नाही. भारतातील पीक विम्याचा इतिहास हा मुख्यत्वे या अडचणीतून मार्ग काढण्याचा इतिहास आहे.

म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पर्जन्यमानावर आधारलेली विमायोजना ग्रंथरूपाने मांडली. परंतु ती अमलात आली नाही. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसासाठी सुरू झालेल्या योजनेत प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजले जाई. १९७८-७९ पर्यंत ती सहा राज्यांतील केवळ ३,११० शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आणि ४·५४ लाख रु. हप्त्यांपोटी ३७·८८ लाख रु. भरपाई द्यावी लागली. त्यानंतर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी सुचविलेली क्षेत्राधिष्ठित पद्धत १९७९ मध्ये प्रायोगिक रीत्या स्वीकारण्यात आली. तीनुसार पीककापणी प्रयोगांत आढळलेले क्षेत्राचे सरासरी उत्पन्न ‘उंबरठा उत्पन्ना’हून कमी असल्यास तेथील सर्व विमेदारांना सारख्याच प्रमाणात भरपाई मिळते. यामुळे पाहणीचा खर्च घटला. मात्र क्षेत्राची सरासरी बरी असल्यास स्वतःचे पीक बुडालेल्या शेतकऱ्यास काहीच मिळत नाही, हा दोष राहिला.

सर्वंकष पीक विमा योजना (१९८५) व राष्ट्रीय कृषी विमा योजना (१९९९) याच पद्धतीवर उभ्या होत्या. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तींसाठी वैयक्तिक पाहणीची तरतूद झाली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपास विमा रकमेच्या कमाल २%, रब्बीस १·५% आणि नगदी पिकांस ५% ठरला. उरलेला भार शासनावर पडला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली.

या सर्व गणिताचा पाया गतकाळातील अनुभव हा आहे. २०१६ च्या योजनेत उंबरठा उत्पन्न मागील सातांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. हवामानबदलामुळे वाईट हंगाम वारंवार येऊ लागल्यास ही सरासरीच घटते. म्हणजे संरक्षणाची गरज वाढत असतानाच भरपाईचा उंबरठा खाली येतो आणि विमा कंपन्यांचे हप्त्याचे दर मात्र चढतात. विम्याने नुकसान वाटले जाते, टळत नाही. त्यामुळे जलसंधारण व हवामानास अनुरूप पिके यांची जोड नसल्यास त्याचा भार अखेर शासन व शेतकरी यांच्यावरच पडतो.