पांढरी भिंत की गडद निळी? खोलीला रंग देण्याआधी हे पाहा

जालना जिल्ह्यातलं शहागड हे अंबड तालुक्यातलं गोदावरीकाठचं गाव. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे खोलीला रंग द्यायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "गडद रंग नको, घर तापेल." मोबाईलवर मात्र गडद निळ्या भिंतींचे फोटो आवडलेले असतात.

तापण्याची ही भीती बरीचशी चुकीच्या भिंतीबद्दल आहे. ऊन पडतं स्लॅबवर, पत्र्यावर आणि बाहेरच्या भिंतींवर. तिथे पांढरा रंग दिला तर खरंच फायदा होतो. खोलीत थेट ऊन येत नसेल, तर आतली भिंत पांढरी असो वा निळी, गारव्यात फारसा फरक पडत नाही.

खरा फरक उजेडाचा. चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो, गडद निळा १० टक्क्यांहूनही कमी. शिवाय हे एकदाच घडत नाही. उजेड भिंतीवरून छताकडे, छतावरून समोरच्या भिंतीकडे असा फिरत राहतो आणि निळी भिंत प्रत्येक वेळी त्यातला बहुतेक गिळते. एकाच खिडकीच्या खोलीत चारही भिंती निळ्या केल्या, तर मुलांना भरदुपारी दिवा लावून अभ्यास करावा लागेल. त्यात वीज गेली की झालंच!

पांढऱ्यावर तेलकट डोक्याचे आणि हाताचे डाग दिसतात. निळ्यावर धूळ आणि ओलीमुळे फुटलेला पांढरा लोणा उठून दिसतो. पुढे निळ्यावर पुन्हा पांढरा द्यायचा झाला, तर प्रायमर आणि जादा हात लागतात, म्हणजे खर्चही वाढतो. निळ्याची हौस असेलच तर पलंगामागची एक भिंत पुरे. छत आणि खिडकीसमोरची भिंत पांढरीच ठेवावी.

कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून मात्र ठरवू नये. पूर्ण भिंतीवर तोच निळा जास्त गडद वाटतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो भिंतीला टेकवून ठेवावा आणि सकाळी, दुपारी, रात्री पाहावा. पिवळसर बल्बखाली पांढरा सायीसारखा दिसतो, निळा जवळजवळ काळा.